दिसणारं इंग्रजी

भिवंडीत इंग्रजी बोलणारी माणसं आता पुष्कळ झाली आहेत. गोदामांच्या ऑफिसात ती सापडतात, बँकेत सापडतात, नव्या टॉवरच्या लिफ्टमध्ये तर हमखास सापडतात. पण कानांची काडीचीही मदत न घेता, नुसत्या डोळ्यांनी इंग्रजी शिकलेला माणूस सगळ्या तालुक्यात एकच आहे, आणि ते माझे मामा आहेत, हे मी छातीठोकपणे सांगते. बरं, ते शिकले तेही कुठल्या क्लासात नाही की पुस्तकातून नाही. माझ्या मुलीसाठी टीव्हीवर लावलेल्या लहान मुलांच्या व्हिडिओंतून शिकले. निळी टोपी घातलेला एक कार्टूनचा हत्ती, हा त्यांचा गुरू. नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात. गुरूची सोंड पाहू नये, एवढं मी त्यात जोडीन.

मामांचे कान गेले ते लूमवर. मिसरूड फुटायच्या आधी ते वडप्याहून भिवंडीत आले आणि यंत्रमागाच्या कारखान्यात लागले. चालू लूमच्या कारखान्यात ज्यानं कधी पाऊल टाकलेलं नाही त्याला त्या आवाजाची कल्पना येणार नाही. तो आवाज कानाजवळ थांबत नाही, सरळ छातीत शिरतो. तिथे ओरडून काही उपयोग नसतो, म्हणून कामगार ओठ हलवतात, हात हलवतात, आणि चार लूम पलीकडचा माणूस ते वाचतो. मामांनी उभं आयुष्य असं वाचण्यात घालवलं. ती विद्या इतकी पक्की झाली की आपले कान गेले हे त्यांचं त्यांनाच फार उशिरा कळलं. रस्त्यापलीकडच्या टपरीवर दोघे चहा पीत काय बोलतायत ते मामा इकडून सांगतात. फक्त मिशीवाल्यांवर त्यांचा राग आहे, कारण त्यांचं अर्धं वाक्य मिशीत अडकतं. कोरोनात सगळ्या गावानं तोंडावर मास्क चढवला तेव्हा मामा खऱ्या अर्थानं बहिरे झाले. आमच्या माहेरच्या घराण्यात मामांपासून काही लपवायचं असेल तर कुजबुजत नाहीत. त्यांच्याकडे पाठ करतात आणि खुशाल मोठ्यानं बोलतात.

याच मामांच्या घरी राहून मी कॉलेज केलं. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. बारावीनंतर माझ्या लग्नाचं बोलणं निघालं तेव्हा मामा ड्युटी टाकून गावी आले आणि सगळ्यांच्या तोंडांकडे बघून झाल्यावर म्हणाले, "पोरगी शिकनार. काय शिकनार ते तिला ठाऊक, मला ठाऊक न्हाय. पन शिकनार." बी.कॉम. म्हणजे काय ते त्यांना आजही नीटसं माहीत नाही. माझा निकाल लागला त्या दिवशी त्यांनी चालू कारखान्यात ही बातमी ओठांनी सांगितली. पहिल्या लूमवर मी बी.कॉम. होते, शेवटच्या लूमपर्यंत पोचता पोचता मी कलेक्टर झाले होते. अजूनही त्या वेळचा एखादा कामगार रस्त्यात भेटला की अदबीनं बाजूला होतो.

माझ्या मुलीचं पूर्वा हे नावही मामांच्याच आग्रहाचं. आम्ही ईशा ठरवलं होतं. मामांनी मला ते नाव दोनतीनदा म्हणायला लावलं, बारकाईनं पाहिलं, आणि मान हलवली. "हे नाव तोंडातच ऱ्हातंय गं. भायेर येतच न्हाय. प, ब, म असलं कायतरी ठेवा, म्हंजे कोन हाक मारतंय ते दिसंल तरी." पूर्वा दीड वर्षाची झाल्यावर मी पुन्हा कामावर जाऊ लागले. वडप्याच्या एका गोदामाच्या ऑफिसात मी बिलिंग बघते. मामांचा कारखाना तोवर बंद पडला होता. दुपारी पूर्वाला कोण सांभाळणार हा प्रश्न आला तेव्हा मामी लगेच म्हणाल्या, "यांना घेऊन जा. घरात बसून नुसतं माझं तोंड वाचत असतात. मनातल्या मनात पुटपुटायची पन सोय न्हाय!"

अशा तऱ्हेनं मामा रोज आमच्याकडे येऊ लागले आणि त्यांची हत्तीशी गाठ पडली. व्हिडिओ लावले होते पूर्वासाठी. पण त्यात मोठ्ठं तोंड, त्या तोंडाची सावकाश हालचाल, एकच शब्द तीनदा, आणि खाली त्या वस्तूचं चित्र. मामांच्या लक्षात आलं की ही तर आपलीच शाळा आहे. हे सगळं कोणी जणू कान गेलेल्या लूम कामगारांसाठीच बनवलंय. पहिल्या आठवड्यात ते पूर्वाच्या मागे बसून बघत होते, नंतर शेजारी बसू लागले, आणि महिन्याभरात पूर्वा मागे आणि मामा पुढे असा वर्ग भरू लागला. जेवण झालं की मामा तोंड धुवायचे, केस विंचरायचे, शर्टाचं वरचं बटण लावायचे, आणि मग टीव्हीसमोर मांडी घालून बसायचे. गादीवर बसा म्हटलं तर "वर्गात गादी नसते" म्हणायचे. पूर्वा झोपली की ते टीव्हीचा आवाज साफ बंद करायचे. त्यांचं त्यावाचून काही अडत नव्हतं. समोरच्या ब्लॉकमधल्या बाई एकदा वाटीभर साखर मागायला आल्या, तर दारातून त्यांना दिसलं काय? मुका टीव्ही, आणि त्याच्यासमोर एक म्हातारा माणूस एकटाच टाळ्या वाजवतोय. साखर न घेताच त्या परत गेल्या. संध्याकाळी मला जिन्यात गाठून हळूच विचारत्या झाल्या, "मामांची तब्येत बरी आहे ना?"

टीव्हीचा आवाज बंद असला तरी मामांचा कधीच बंद नसायचा. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे तो किती मोठा आहे याचा त्यांना पत्ता नाही. हत्तीनं विचारायचं, "व्हॉट कलर इज द स्काय?" आणि आमच्या तिसऱ्या मजल्यावरून अख्ख्या सोसायटीला उत्तर मिळायचं, "ब्ल्यूऽऽ!" हळूहळू बिल्डिंगच त्या वर्गात बसू लागली. खालच्या शिलाईवाल्याची पोरं फळांची नावं मामांकडून शिकली. तळमजल्यावरचा दूधवाला भैया एकदा मला थांबवून म्हणाला, "दीदी, कल चचा ने जानवर आधे में छोड़ दिए. हाथी के बाद क्या आता है?"

हत्तीची एक सवय आहे. तो प्रश्न विचारतो, मग डोळे मिचकावत थोडा वेळ थांबतो, आणि समोरच्या मुलानं काहीही उत्तर दिलेलं असो, दिलेलं नसो, मूल झोपी गेलेलं असो, तो टाळी वाजवून "व्हेरी गुड!" म्हणतो. मामांची यावरून अशी पक्की समजूत झाली की इंग्रजीत हा रिवाजच आहे. समोरच्यानं तोंड उघडलं की आधी त्याला शाबासकी द्यायची, पुढचं बोलणं नंतर. एकदा आम्ही रिक्षानं नाक्याकडे चाललो होतो. रिक्षा दणकन आपटली. मामांनी खाली बोट दाखवून रिक्षावाल्याला विचारलं, "व्हॉट इज धिस?" तो वैतागून मागे वळला, "गड्ढा है चचा, और क्या!" मामा प्रसन्न होऊन म्हणाले, "व्हेरी गुड!" बिचारा पुढचे सगळे खड्डे जपून चुकवत गेला. डॉक्टरांनी त्यांना गंभीर चेहऱ्यानं सांगितलं की तुमचं बीपी हाय आहे. मामांनी टाळी वाजवली. "व्हेरी गुड! आता गोळी सांगा." डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी काय सांगणार? हत्तीचं नाव कसं घ्यायचं?

मामांच्या शब्दभांडाराचा मला फार अभिमान आहे, पण त्याचा आकार जरा विचित्र आहे हे कबूल करायला हवं. त्यांना पेंग्विन येतो, ऑक्टोपस येतो, हिप्पोपोटॅमस तर ते एका दमात म्हणतात. इग्लू म्हणजे बर्फाचं घर हे त्यांना ठाऊक आहे, आणि मे महिन्यात भिवंडीची पत्र्याची घरं तापली की ते "इग्लू पायजे होतं" असं मनापासून म्हणतात. पण रिसीट, फॉर्म, अपॉइंटमेंट हे शब्द त्यांच्या गावीही नाहीत, कारण हत्तीला कधी अपॉइंटमेंट घ्यावी लागलेली नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीवरून तावातावानं भांडण चाललं होतं. मामा उठून उभे राहिले. सगळे गप्प झाले, म्हातारा माणूस काही मार्ग काढील म्हणून. मामांनी गच्चीकडे बोट करून जाहीर केलं, "टाकी ऑक्टॅगॉन हाय." आणि ते खाली बसले. खरंच अष्टकोनी आहे का ते सेक्रेटरी वर जाऊन मोजून आले. होती. भांडण मिटलं नाही, पण त्या दिवशी पुढे नेलंही नाही कोणी.

शब्दांच्या बाबतीत मामांची आवडनिवडही ठरलेली. बलून, अंब्रेला, पपाया, बबल, पर्पल हे त्यांचे लाडके. ते म्हणतात, हे शब्द कसे ओठांवर येऊन नाचतात! उलट किंग, काईट, टायगर असल्या शब्दांना ते आतल्या गाठीचे समजतात. जिभेच्या मागे लपून काम उरकणारा शब्द त्यांना पटत नाही. माझ्या इंग्रजीवरही त्यांचा हाच आक्षेप होता. मी गावच्या शाळेत शिकलेली, इंग्रजी पाचवीपासूनचं, तेही पुस्तकातलं. पदवी घेतली तरी ऑफिसात इंग्रजी बोलायची वेळ आली की माझी मान खाली जायची आणि ओठ शिवल्यासारखे व्हायचे. एकदा मी घरून फोनवर एका पार्टीशी बोलत होते. फोन ठेवल्यावर मामा समोर येऊन बसले. "पोरी, तुझं इंग्रजी दिसत न्हाय." मी म्हटलं, "मामा, चुकतं हो माझं." त्यावर ते म्हणाले, "चुकू दे. पन दिसू दे. तोंडात धरून ठेवलंस तर चूक हाय का बरोबर हाय, कसं कळनार लोकांना?" मग त्यांनी मला समोर बसवून बलून म्हणायला लावलं. पदवीधर भाची आणि चौथी पास मामा, समोरासमोर बसून ओठ फुगवतायत, आणि मध्ये पूर्वा दोघांना "व्हेरी गुड" देतेय, असा तो देखावा होता. त्यानंतरच्या मीटिंगमध्ये मी मान वर करून बोलले. चुकाही केल्या असतील, पण सगळ्यांना दिसल्या, आणि साहेबांनी दोनदा मान डोलावली. बी.कॉम. मला कॉलेजनं दिली, पण तोंड उघडायला मामांनी शिकवलं, असं मी ऑफिसात सगळ्यांना सांगते.

पण मामांना इंग्रजी का आवडलं याचं खरं कारण त्यांनी एकदा सहज बोलता बोलता सांगितलं. "काय भाषा हाय गं! यात कोन कोनावर वरडतच न्हाय." त्यांनी पाहिलेल्या इंग्रजीत सगळे प्लीज म्हणायचे, थँक्यू म्हणायचे, कोणाचा चेंडू लागला तर सॉरी म्हणायचे, खाऊ वाटून घ्यायचे. मामांनी आयुष्यभर शेठची, मुकादमाची, पार्टीवाल्यांची तोंडं वाचली होती. ऐकू न येणाऱ्या माणसाला शिवी चुकत नाही, ती दुरूनसुद्धा दिसते. त्यांना मी कधीच सांगितलं नाही की इंग्रजीतही शिव्या असतात. आणि कोणी सांगायला गेलंच, तर मी त्याच्या आणि मामांच्या मध्ये उभी राहीन.

एवढं सगळं असूनही मामांच्या सांभाळण्यावर एका व्यक्तीचा विश्वास नव्हता, आणि ती व्यक्ती म्हणजे माझ्या सासूबाई. त्या जवळच्या वळ गावात राहतात, महिन्यातून एकदा नातीला बघायला येतात. बाई मनानं फार चांगल्या, पण स्पष्ट. "अगं, त्याच्या कानाशी ढोल वाजवला तरी त्याला पत्ता न्हाय. पोर रडली, पडली, तर कळनार कसं?" त्यांचं म्हणणं चूक होतं असं नाही, आईच्या मनातही हा प्रश्न येतोच. पण मामांनी त्यावर स्वतःचा उपाय काढला होता. पूर्वा झोपली की तिच्या मनगटाला ते सुताचा एक सैल दोरा बांधायचे आणि दुसरं टोक आपल्या बोटाला गुंडाळायचे. ती कुशीवर वळली तरी मामा उठून तिच्याजवळ. लूमवर ताण्यातला एक धागा ढिला पडला तरी त्यांच्या बोटाला कळायचा. त्यापुढे पूर्वा म्हणजे दोरखंडच! सासूबाईंनी नेमकं तेच पाहिलं. "पोर काय बकरी हाय का बांधून ठेवायला?" मामांनी त्यांचं वाक्य नीट वाचून घेतलं आणि सवयीनं म्हणाले, "व्हेरी गुड." झालं. सासूबाईंचा निश्चय त्याच दिवशी झाला असावा.

पूर्वा तीन वर्षांची व्हायच्या सुमाराला आम्ही सगळे वज्रेश्वरीच्या जत्रेला निघालो. सासूबाईंना देवीची ओटी भरायची होती. मी, माझे मिस्टर, सासूबाई, मामा आणि पूर्वा. भिवंडीहून एसटी पकडली. मामा पलीकडच्या खिडकीशी बसले, पूर्वा माझ्या मांडीवर. गाडी सुटल्यावर सासूबाई आमच्या दोघांकडे वळून, पदर सावरत, नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या, "मी ठरवलंय. जूनपासून पोर माझ्याकडं, वळ गावात. तिकडं अंगनवाडी हाय, मी हाय. त्याला वाईट वाटंल, पन पोरीचा जीव मोठा का त्याचं वाईट वाटनं मोठं?" मामांना ऐकू येत नाही म्हणून त्या निर्धास्त बोलत होत्या. पाठ करून बोलायची आमची माहेरची रीत त्यांना ठाऊक नव्हती. माझ्या मिस्टरांनी खाली बघितलं. मी मामांकडे बघितलं. मामा सासूबाईंच्या तोंडाकडे बघत होते. वाक्य पूर्ण झालं तसं त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं, ते थेट वज्रेश्वरी येईपर्यंत. पूर्वानं मध्येच बाहेरच्या गाईकडे बोट दाखवून "काऊ! काऊ!" केलं, पण व्हेरी गुड आलं नाही. तिनं माझ्या मांडीवरून उतरून दोनदा त्यांच्या गुडघ्यावर थापटलं. मला त्या गाडीत बसवेना.

जत्रा तुफान भरली होती. पाळणे, पिपाण्या, दोन बाजूंनी दोन वेगळी गाणी लावलेले कर्णे, नारळवाल्यांचे पुकारे. सासूबाईंनी उतरल्या उतरल्या पूर्वाचा हात माझ्याकडून घेतला. "माझ्याकडं दे तिला. तुमचं लक्ष नसतं." आणि त्यांनी तो खरंच घट्ट धरला होता. देवळाच्या पायऱ्यांखाली ओटीच्या सामानाचं ताट घ्यायला त्यांना दोन्ही हात लागले, तेवढाच काय तो हात सुटला. ताट घेऊन खाली बघतात तर पूर्वा नाही.

मी "पूर्वा, पूर्वा" ओरडत होते आणि माझा आवाज माझ्याच कानापर्यंत पोचत नव्हता. मिस्टर एका बाजूला धावले. सासूबाई ताट टाकून, हळदकुंकवात पाय भरवत, ज्याला त्याला विचारत होत्या. आमचे सगळ्यांचे कान शाबूत, पण त्या गोंगाटात त्यांचा उपयोग काय! जो तो ऐकायचा प्रयत्न करत होता आणि कोणालाच काही ऐकू येत नव्हतं. मामांनी मात्र हाक मारली नाही. ते गर्दीतून वाट काढत देवळाच्या पायऱ्या चढले, वर जाऊन उभे राहिले, उन्हासाठी कपाळावर हात धरला आणि खालच्या सगळ्या माणसांची तोंडं सावकाश वाचू लागले. कारखान्यात पाळी बदलताना ते असेच उभे राहायचे म्हणे. मी खालून त्यांच्याकडे बघत होते. आधी त्यांचा चेहरा दगडासारखा होता. मग एकाएकी ते हसले.

"पर्पल!" मामा त्यांच्या त्या आवाजात गरजले, ज्याला आमची सोसायटी ओळखते. "पर्पल म्हनतेय ती! फुगेवाल्याकडं! पाळन्याच्या मागं!"

मला दिसत काहीच नव्हतं, मी फक्त त्यांच्या बोटाच्या दिशेनं पळत सुटले. मागून मामांचा आवाज येत राहिला. त्यांना भीती ही की आम्ही पोचेपर्यंत पोर तिथून हलेल, म्हणून त्यांनी तिला तिथेच गुंतवून ठेवलं. सगळ्या जत्रेच्या डोक्यावरून त्यांनी विचारलं, "पूर्वाऽऽ! व्हॉट कलर?" कर्ण्यांवर मात करून तो आवाज गेला. मग नेहमीसारखे ते थांबले. आणि म्हणाले, "व्हेरी गुड! व्हॉट शेप?" पुन्हा थांबले. "व्हेरी गुड! हाऊ मेनी?" भोवतालची माणसं आपापली खरेदी सोडून पायऱ्यांवरच्या या माणसाकडे बघायला लागली. एक पोलीस त्यांच्याकडे निघाला होता, तोही निम्म्या पायरीवर थबकला. मामा प्रश्न विचारत होते आणि उत्तरं फक्त त्यांनाच मिळत होती.

मी पोचले तेव्हा पूर्वा फुगेवाल्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी होती. मान देवळाकडे वळवलेली आणि तोंड मामांनी शिकवलं तसं अख्खं उघडून ती सांगत होती, "सर्कल!" फुगेवाला घामाघूम झाला होता. मला बघून म्हणाला, "दीदी, लाल दिया, नीला दिया, बच्ची लेती ही नहीं. ये परपल क्या होता है?" गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "जांभळा रे, जांभळा दे तिला!" जांभळा फुगा त्याच्याकडे नव्हताच. मी पूर्वाला उचलून छातीशी धरलं. ती माझ्यावर चिडली, तिचा वर्ग अर्धा राहिला होता.

पायऱ्यांशी आलो तेव्हा सासूबाई पहिल्याच पायरीवर बसून रडत होत्या. नातीला त्यांनी कुरवाळलं, तिचे हातपाय चाचपले, आणि मग त्या उठल्या. मामा वरून उतरत होते. सासूबाई त्यांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. पदरानं तोंड पुसलं, पदर बाजूला केला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मामांच्या नजरेला नजर देऊन, एकेक शब्द सुटा करून सांगितलं, "मामा, जूनमध्ये पन तुमीच सांभाळा हिला."

मामा त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांना ते पहिल्या शब्दालाच कळलं होतं. त्यांचे डोळे भरलेले मला दिसत होते. पण ते गंभीरपणे म्हणाले, "परत बोला. नीट दिसलं न्हाय."

सासूबाईंनी परत सांगितलं. मामांनी मान हलवली, पण व्हेरी गुड म्हणायला त्यांना जमलं नाही.

त्यालाही आता बरेच दिवस झाले. तो जून मामांचा झाला, त्यानंतरचे दोन जूनही त्यांचे झाले. सासूबाई अजून स्पष्टच बोलतात, पण मामांशी बोलताना पदर बाजूला करून. यंदा पूर्वा पहिलीत गेली आणि शाळा पूर्ण दिवसाची झाली. दुपारी तिला सांभाळायची गरज उरली नाही. शाळेच्या बाई म्हणतात, वर्गात सगळ्यांत स्वच्छ बोलते ही, हिच्या घरी कोण आहे इंग्रजी शिकलेलं? मी म्हणते, माझे मामा. पण आता ती वाक्यं बोलते, लांबलचक आणि भरभर, हातात वही, डोळे तिसरीकडे. मामांना त्यातलं निम्मं दिसत नाही. ते सांगत नाहीत, पण मला कळतं.

तरी ते रोज येतात. टीव्ही लावत नाहीत. चारच्या सुमाराला शर्टाचं बटण लावून गॅलरीत उभे राहतात. आमच्या गॅलरीतून गल्लीचं तोंड दिसतं, तिथून पूर्वा मैत्रिणीबरोबर चालत येते. परवा मला सुट्टी होती. मामांना इतकं रोखून बघताना पाहून मी त्यांच्यासमोर गेले आणि विचारलं, "मामा, काय बघता एवढं? येईलच ना ती वर."

त्यांनी हातानं मला जरा बाजूला सारलं.

"घरात आली की मोठ्यासारखी बोलते गं," ते गल्लीकडे बघतच म्हणाले. "तितं लांब हाय तवर बारकीच हाय. तेवढं बघून घेतो."